कोरी डेट स्लिप

“मॅडम, तुम्ही शेवटचं पुस्तक कधी वाचलंत? म्हणजे कामाचं नाही, असंच.”

विचारणारा नववीतला. परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा समोर घेऊन मी बसले होते, बारकोडचं मशीन त्या दिवशी रुसलेलं, त्यामुळे एकेक नंबर हाताने टाइप करणं चालू होतं, आणि मान वर न करताच मी एका पुस्तकाचं नाव सांगून टाकलं. नुकतंच आलेलं, बऱ्यापैकी गाजत असलेलं. त्याचं मलपृष्ठ मी वाचलं होतं, दोन परीक्षणं वाचली होती, सुरुवातीची तीसेक पानंही चाळली होती बहुतेक. एवढ्या भांडवलावर दोन वर्गांत त्या पुस्तकाची तोंड भरून तारीफ करून झाली होती माझी. पोरगा म्हणाला, “मग शेवटी तो भाऊ परत येतो का?” मला त्यात भाऊ आहे हेच माहीत नव्हतं. मी म्हटलं, “ते मी कशाला सांगू, तूच वाच की.” आमच्या कामातली ही सगळ्यात जुनी पळवाट. तो हसला. चिडवायला नाही हसला, समोरच्याची पंचाईत झालेली दिसली की मोठी माणसं कशी सावरून घेतल्यासारखं हसतात, तसा. “ओके मॅडम” म्हणाला आणि गेला.

त्याला कळलं होतं. आणि त्याला कळलंय हे मला कळलं होतं.

तो आगाऊपणे बोलला असता तर बरं झालं असतं, दोन शब्द सुनावून मी मोकळी झाले असते. पण त्याने मला सांभाळून घेतलं, ते फार लागलं. घरी येऊन खरंच आठवायला बसले, शेवटचं पूर्ण वाचलेलं पुस्तक कुठलं. पूर्ण म्हणजे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मधे न उड्या मारता, कुणाला सुचवायचंय म्हणून नाही, यादी करायचीय म्हणून नाही. मागची मोठी सुट्टी आठवली, त्यात एक आठवलं, तेही शेवटची पन्नास पानं राहिलेलं. म्हणजे वर्ष होत आलं. दिवसभर पुस्तकं हाताळते मी. पुसते, चिकटवते, नंबर टाकते, कसर लागलीय का बघते, कुठल्या पुस्तकाची शिवण उसवायला आलीय हे नुसत्या वजनावरून सांगते. आणि वाचत नाही. नववीतल्या पोराने एका वाक्यात पकडलं.

ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या माणसाला या शास्त्राचे भारतातले जनक रंगनाथन पाठ असतात, परीक्षेपुरते तरी. मला मात्र त्यांच्या नियमांपेक्षा त्यांच्या कंटाळ्याची गोष्ट जास्त जवळची वाटते. गणित शिकवायचे ते. 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत तिथल्या शांततेने इतके वैतागले की मला परत कॉलेजात शिकवायला घ्या म्हणून सांगायला गेले. आधी लंडनला जाऊन हे काम शिकून तर या, मग बघू, असं त्यांना सांगितलं गेलं. गेले, आणि मग आयुष्यभर दुसरं काही केलं नाही. 1931 साली त्यांनी ग्रंथालयाचे ते पाच नियम मांडले. पुस्तकं वापरासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, आणि ग्रंथालय हे वाढतं, जिवंत शरीर आहे. ग्रंथपालाने स्वतः वाचावं असा सहावा नियम त्यात नाही. त्या रात्री मी मुद्दाम परत तपासलं.

मी या शाळेत आले तेव्हा पुस्तकं काचेच्या कपाटात होती, कपाटांना कुलपं, आणि किल्ल्यांचा जुडगा ज्याच्याकडे तो लायब्ररियन. पुस्तक हवं तर काचेतून बोट दाखवायचं. मी पहिल्याच आठवड्यात सगळी कुलपं काढली, तरुण होते, क्रांती वगैरे करतेय असं वाटत होतं. आणि काय झालं सांगू? काहीच नाही. महिनाभर पोरं येऊन त्याच जागी, कपाटापासून दोन हात लांब उभी राहायची आणि बोट दाखवायची. दार उघडं, काच सरकवलेली, तरी बोटच. त्यांच्या अंगवळणी पडलं होतं की पुस्तक ही मागायची वस्तू आहे, घ्यायची नाही. शेवटी सहावीतल्या एका चिमुरड्या मुलीने सरळ आत हात घालून एक पुस्तक ओढलं, त्याबरोबर शेजारची चार धाडकन खाली पडली, सगळी लायब्ररी माझ्याकडे बघायला लागली, आता मॅडम ओरडणार. मी काही बोलले नाही. तेवढ्याने काम झालं. कुलपं काढल्याने जे झालं नव्हतं ते चार पुस्तकं पडल्यावर आणि मी गप्प बसल्यावर झालं.

पण गप्प बसणं मला जमतंच असं नाही. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी मी वाचन स्पर्धा काढली होती, एका पुस्तकाला एक चांदणी, वर्गाच्या दारावर तक्ता, सगळ्यात जास्त चांदण्यांना बक्षीस. काय धावपळ उडाली! पुस्तकांच्या देवघेवीचा आकडा तिप्पट झाला, स्टाफरूममध्ये माझं कौतुक झालं, मी हवेत. हळूहळू काउंटरवर येणारे प्रश्न बदलले. “मॅडम, सगळ्यात पातळ पुस्तक कुठलं?” आठवीतला एक तर खिशात पट्टी घेऊन यायचा, पाठीची जाडी मोजायचा, सेंटीमीटरच्या वरचं पुस्तक घ्यायचाच नाही. एका मुलीने महिन्यात एकवीस चांदण्या मिळवल्या, तिला मी कौतुकाने एका पुस्तकाबद्दल विचारलं तर तिने मलपृष्ठावरचा मजकूर शब्दन् शब्द म्हणून दाखवला. स्पर्धा संपली त्याच्या दुसऱ्या सोमवारी रजिस्टरमध्ये किती नोंदी झाल्या असतील? चार. त्यातली एक शिक्षकांची.

फार नंतर माझ्या वाचनात आलं की अमेरिकेत 1973 मध्ये मानसशास्त्रज्ञांनी हा प्रयोग रीतसर करून ठेवलाय. बालवाडीतली मुलं, चित्रं काढायची मनापासून आवड असलेली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल. काही दिवसांनी नुसतंच खेळायला सोडल्यावर तीच सर्टिफिकेटवाली मुलं चित्रांना बाकीच्यांच्या मानाने साधारण निम्माच वेळ देऊ लागली. वाचताना पोटात गोळा आला. मी तर आवड असलेल्यांचीही घालवली होती की! ती एकवीस चांदण्यांची मुलगी आधी चांगली वाचायची. आणि आता एवढ्या वर्षांनी बघा, नववीतल्या पोरासमोर मी तरी दुसरं काय केलं? मलपृष्ठच म्हणून दाखवलं.

चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांचं एक विचित्र असतं. त्यांना वाचायचं असलं तरी ‘वाचणारा’ म्हणून दिसायचं नसतं. त्या वयात कशावर तरी जीव जडलाय हे चारचौघांत उघड होणं म्हणजे शर्टाचं बटण उघडं राहण्यासारखं. मुलं जाड वहीत पुस्तक घालून वाचतात, आणि कुणी आलं की वही मिटत नाहीत, नुसतं पान उलटल्यासारखं करतात, मी ओळखते. एकदा मी गंमत म्हणून वीसेक पुस्तकांना खाकी कव्हरं घातली, वर फक्त पहिलं वाक्य लिहिलं, नाव नाही, लेखक नाही, बघू कोण नशीब आजमावतंय. दोन दिवसांत सगळी गेली. मला वाटलं पहिल्या वाक्यांची जादू. मग दहावीतला एक जण परत आला, पुस्तक वाचून झालेलं, आणि म्हणाला, “कव्हर काढून द्या ना मॅडम, मी दुसऱ्या पुस्तकाला घालतो.” त्याला वाक्यबिक्य काही नको होतं, कव्हर हवं होतं! तेव्हापासून काउंटरच्या कडेला मी खाकी कागदाचा गठ्ठा आणि कात्री ठेवून देते. कोण कशाला कव्हर घालतंय ते बघत नाही. म्हणजे बघते, पण बघितलं असं दाखवत नाही.

आणि एक मुलगी होती. तिचं नाव-गाव काही सांगत नाही. दर मंगळवारी आईबाबांचं विभक्त होणं या विषयावरचं एक छोटं पुस्तक शेल्फवर उलटं ठेवलेलं सापडायचं, म्हणजे पाठ आत आणि कापलेली कडा बाहेर, नंबर दिसणार नाही असं. तिने ते कधीच घरी नेलं नाही, नावावर पडू दिलं नाही. लायब्ररीच्या तासाला खिडकीजवळच्या खांबाआड उभी राहून पाच-सात पानं वाचायची आणि उलटं ठेवून जायची, पुढच्या मंगळवारी शोधायला सोपं. शेल्फ नीट लावणं हे माझं काम, उलटं पुस्तक दिसलं की हात आपोआप शिवशिवतो. पण ते एक पुस्तक मी अख्खं वर्ष सरळ केलं नाही. साफसफाई करणाऱ्या मावशींनाही सांगून ठेवलं होतं. माझ्या नोकरीत मी केलेलं सगळ्यात चांगलं काम कुठलं विचाराल तर मी हेच सांगेन, आणि ते कुठल्याच अहवालात लिहिता येत नाही.

तर मूळ मुद्दा, डेट स्लिप. आता सगळं कम्प्युटरवर आहे, पण जुन्या पुस्तकांच्या शेवटच्या पानावर ती चिकटवलेली पट्टी अजून आहे, रकाने आखलेली, परतीच्या तारखांचे जांभळे-निळे शिक्के, काही वाकडे, काही शाई संपत आलेले. मी अजूनही स्टॅम्प मारते, पोरांना तो ठप्प आवाज आवडतो आणि खरं सांगायचं तर मलाही. काही वर्षांपूर्वी निर्लेखनाचं काम निघालं, म्हणजे जुनी, फाटकी, कुणी न नेणारी पुस्तकं बाद करून जागा करायची. मला हे काम जिवावर येतं. टेबलावर साठ-सत्तर पुस्तकांचा ढीग लावला होता, तेवढ्यात नववीचा ऑफ तास आला माझ्या गळ्यात, एकतीस पोरं, सगळी जोशात. त्यातल्या एकीने ढिगातलं एक उचलून मागचं पान उघडलं आणि म्हणाली, “मॅडम, याची स्लिप कोरीच आहे.” मी म्हटलं, हो, कुणीच नेलं नाही. “कुणीच? म्हणजे कधीच?” तिला ते खरंच वाटेना. तिने दुसरं उघडलं. मग बाकीचीही घुसली, ढीग उपसायला लागली, एकाला 2003 मधला एकुलता एक शिक्का सापडला, त्याने तो सगळ्यांना फिरून दाखवला, “माझ्या जन्माच्या आधी!” कोरी स्लिप असलेली अठरा निघाली.

पुढचं माझ्या डोक्यातून आलेलं नाही, खोटं श्रेय घेणार नाही. ती मुलगी म्हणाली, न वाचताच फेकायची का मग? आणि मागून कुणीतरी बोललं, केस चालवू या. झालं. अठरा पुस्तकं, अठरा वकील, बाकीचे ज्युरी, पंधरा दिवसांची मुदत, आणि नियम त्यांनीच केले. पुस्तक कंटाळवाणं असलं तर तसं सांगायची मुभा, बाद करा म्हणायचीही मुभा. पण वाचल्याशिवाय बोलायचं नाही. न वाचता बोलणाऱ्याचं मत धरायचं नाही. हा शेवटचा नियम फळ्यावर एका पोराने एवढ्या जोरात खडू दाबून लिहिला की तो पुसला तरी उजेडात अजून थोडा दिसतो.

मी त्यांना ‘वाचा, वाचा’ म्हणून वर्षानुवर्षं सांगत होते, त्याने ढिम्म हलली नव्हती. पण ‘हे बाद करायचं का ते तुम्ही ठरवा’ म्हटल्यावर डोळेच बदलले त्यांचे. त्या वयात सगळे त्यांच्याबद्दल निकाल देत असतात ना, मार्क, वागणूक, केस, उंची, मोबाईल. त्यांना कुणाबद्दल निकाल द्यायला कधी मिळतो? सुनावणीच्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले. पहिले तीन-चार जण चाचरत बोलले. एकाने त्याचं पुस्तक इतकं मन लावून झोडपलं, अमुक पानावर लेखक स्वतःच विसरलाय, तमुक पानावर तेच वाक्य परत, की ज्युरीतल्या दोघांना ते कधी एकदा वाचतो असं झालं. मग उठला एक असा मुलगा, ज्याला मी लायब्ररीत फक्त पंख्याखाली बसलेला बघितला होता. त्याच्या वाट्याला दोऱ्या आणि गाठींवरचं एक पुस्तक आलं होतं, आकृत्यांचं, कागद पिवळा पडलेला. त्याने काही बोलायच्या आधी खिशातून सुतळीचा तुकडा काढला. खुर्चीच्या हाताला एक गाठ मारली आणि म्हणाला, ओढा. दोन पोरांनी ओढली, सरकली नाही, खुर्ची सरकली. मग त्याने एक टोक असं बोटाने नुसतं मागे ढकललं आणि अख्खी गाठ मोकळी झाली. वर्गात एकदम हा! झालं. तो म्हणाला, “ही ओढली तर सुटत नाही आणि सोडवायची म्हटली तर अडकत नाही. पान एक्केचाळीस.” एवढंच त्याचं भाषण. एकमताने पुस्तक वाचलं. म्हणजे बचावलं. मराठीत ‘वाचणं’ दोन्हीकडे चालतं हे त्या दिवशी त्यांच्यातल्याच कुणीतरी ओरडून सांगितलं आणि मग दिवसभर तोच पीजे.

अठरातली अकरा राहिली, सात गेली. गेलेल्या सातांतली दोन मी गुपचूप घरी आणलीत, हे ज्युरीला सांगू नका. आणि सगळं छान छान झालं असंही नाही. एकतीसमधल्या निदान आठ-दहा जणांनी काहीच वाचलं नव्हतं, ते मजा बघायला बसले होते, आणि गाठींच्या मुलाने पुढे वर्षभरात दुसरं एकही पुस्तक नेलं नाही. तेच पुस्तक सात वेळा नेलं. एका शिक्षकांनी मला विचारलंही, याला वाचनाची गोडी लागणं म्हणायचं का? तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता वाटतं, एका माणसाला एक पुस्तक मिळालं आणि एका पुस्तकाला एक माणूस, तर रंगनाथनांचे दोन नियम एका सुतळीत बसले, अजून काय हवंय. पण हे मला दर वेळी वाटतंच असं नाही. काही दिवशी वाटतं की कम्प्युटरवरचा आकडा वाढला असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून दरवर्षी सुनावणी होते. काही ट्रिक्स मीही शिकले, आता त्या सवयीच्या झाल्यात. मोठ्याने वाचायचं आणि तास संपायच्या अर्धा मिनिट आधी वाक्याच्या मधेच थांबायचं, ही सगळ्यांना माहीत असते तरी चालते. मोठी पोरं ऐकत नसल्याचं नाटक करतात, बाकावर डोकं टेकवतात, पेनचं बटण टिकटिकवत बसतात. मी फक्त पेनकडे कान ठेवते. टिकटिक थांबली की समजायचं. पुस्तकं विषयवार लावायच्या ड्युईच्या आकड्यांचंही तसंच, 1876 मध्ये त्याने जगातलं सगळं ज्ञान दहा खणांत बसवलं, पोरांना त्याच्याशी देणंघेणं नाही, पण 133 म्हणजे भुतंखेतं, 364 म्हणजे गुन्हे, 741.5 म्हणजे कॉमिक्स आणि 796 म्हणजे खेळ, एवढं त्यांना तोंडपाठ असतं, डोळे मिटून त्या शेल्फपाशी जातील. बाकीच्यासाठी त्यांनीच पुठ्ठ्याच्या पाट्या करून लावल्यात. ‘रात्री एकट्याने वाचू नये’. ‘पहिली पंचवीस पानं सहन करा’. ‘यात कुत्रा मरतो, आधीच सांगतोय’. शेवटच्या पाटीखालचं शेल्फ कायम रिकामं असतं.

2018 च्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत पंधरा वर्षांच्या मुलांना वाचनाबद्दल विचारलं होतं, तर ओईसीडी या बहुतेक श्रीमंत देशांच्या गटातल्या जवळजवळ निम्म्या, 49 टक्के मुलांनी सांगितलं की वाचावंच लागलं तर आम्ही वाचतो. हा आकडा कुठेही निघाला की लगेच मोबाईल, रील्स, हल्लीची पिढी सुरू होतं. मीही सुरू करायचे. आता करत नाही, कारण त्या नववीतल्या प्रश्नानंतर मी स्वतःला त्या यादीत घालून पाहिलं आणि मला प्रामाणिकपणे त्याच 49 टक्क्यांत बसावं लागलं. कामासाठी वाचावं लागलं तर वाचते. रात्री? रात्री माझ्याही हातात फोनच असतो.

तो पोरगा यंदाच्या ज्युरीत आहे. हे मी आधी सांगायला हवं होतं. फळ्यावरचा नियम त्याला माहीत होता आणि मी त्याच्यासमोर न वाचलेल्या पुस्तकाची साक्ष दिली होती. म्हणून तर ते हसणं.

आठवडाभराने मी यंदाच्या ढिगातून एक पुस्तक उचललं. मुद्दाम चांगलं बघून नाही, कोरी स्लिप होती आणि हाताला लागलं म्हणून. दीपगृह सांभाळणाऱ्या एका माणसाची कादंबरी, बारीक टाइप, कव्हरचा रंग विटलेला. माझ्याच नावावर चढवलं. स्टॅम्पपॅडवर शिक्का दाबला आणि त्या कोऱ्या पट्टीवर पहिला ठप्प मीच मारला, थोडा तिरकाच गेला. आणि लायब्ररीच्या तासाला काउंटरवर उघडून बसले. कुणाला काही सांगितलं नाही. सुरुवातीला फार खोटं वाटलं, पोरांना दिसावं म्हणून वाचतेय असं, आणि खरंच तसं होतं. दर दोन मिनिटांनी नजर वर, कोण काय करतंय. एक परिच्छेद तीनदा वाचला. लक्ष लागत नाही म्हणजे काय असतं ते इतक्या वर्षांत मी पोरांकडून ऐकलं होतं, पण असं स्वतःच्या डोक्यात जाणवलं नव्हतं, डोळे ओळीवरून सरकतात आणि आत काही उतरत नाही, मग लाज वाटते, मग फोनकडे हात जातो.

“कितव्या पानावर मॅडम?” दुसऱ्या दिवशी तो. मी म्हटलं, बावीस. तिसऱ्या दिवशी परत, “कितव्या?” एकतीस. चौथ्या दिवशी तो दारातून येताना दिसला आणि मला इतका राग आला त्याचा! आता हा विचारणार. आपण तर काल काहीच वाचलं नाही. मी चक्क आकडा वाढवून सांगितला. त्या चांदण्यांच्या तक्त्यापुढे पोरांना रोज काय वाटत असेल ते मला तेव्हा, काउंटरच्या या बाजूला बसून, अगदी नीट कळलं. पाचव्या दिवशी मी पुस्तकाला खाकी कव्हर घातलं आणि त्याला सांगितलं, “पान विचारायचं नाही.” तो म्हणाला, “ओके, सॉरी,” आणि खरंच परत विचारलं नाही.

मग कधीतरी, कुठल्या दिवशी ते सांगता येणार नाही, मी नजर वर करायची विसरले. दिवा लावायला जिन्याच्या शंभरेक पायऱ्या रोज चढणारा तो माणूस, एका रात्री मधल्या पायरीवर थांबतो आणि वर जायचं की नाही याचा विचार करत बसतो, बाहेर वारा, खाली समुद्र, आणि बोट येतेय की नाही माहीत नाही. बेल झालेली मला ऐकूच आली नाही. मान वर केली तर लायब्ररी रिकामी, पोरं स्वतःहून निघून गेलेली, आणि काउंटरवर सात पुस्तकं रांगेत मांडून ठेवलेली. प्रत्येकावर वहीच्या कागदाचा कपटा, त्यावर ज्याचं त्याचं नाव आणि नंबर. मला हाक न मारता त्यांनी आपली देवघेव आपणच उरकून टाकली होती. दोघांनी परत करायची पुस्तकं 796 वर नेऊन लावलीही होती, चुकीच्या जागी.

ते पुस्तक मला पुरवून पुरवून वाचावंसं वाटू लागलं. घरी नेलं, परत आणलं, परत नेलं. शनिवारी दोन पानं, रविवारी एकदम साठ. एकीकडे ज्युरीची तारीख जवळ आली आणि सगळ्यांनी आपापली पुस्तकं टेबलावर आणून ठेवली, माझं सोडून. मला ते द्यायचं नव्हतं अजून. आमचा तो नववीतला पोरगा काउंटरपाशी आला. खाकी कव्हराकडे बोट केलं. “हे कोणाच्या नावावर आहे?” मी म्हटलं, माझ्या. “झाल्यावर मला हवंय. रिझर्व्ह करा.” मी म्हटलं, थांब जरा, थोडंच राहिलंय. “दाखवा तरी,” म्हणाला, पण पहिलं पान नाही बघितलं त्याने. पुस्तक माझ्या हातातून घेऊन सरळ शेवटचं पान उघडलं, तिथल्या त्या एकुलत्या एक तिरक्या शिक्क्यावर बोट ठेवलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, आणि या वेळी अजिबात सांभाळून न घेता म्हणाला,

“मॅडम, तुमची तारीख कधीच उलटून गेलीय.”